माझी एकच खोटी ओळ

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो. सरकारी भाषेत माझं नाव गाव नमुना नंबर चौदा. ते काही कुणी लाडाने ठेवलेलं नाही, त्यामुळे तुम्ही विसरलात तरी मला वाईट वाटणार नाही. लोक मला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, एवढंच माझ्यात लिहिलेलं असतं. वाचायला हे फार रंगतदार नाही, हे मलाही कळतं. तरी थोडा वेळ बसा. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती मला कबूल करायची आहे.

माझा जन्म नाशिकचा, साल अठराशे सत्त्याण्णव. तेव्हा व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं. एका जिनगराने जाड कागद शिवून, गव्हाची खळ लावून, पाठीवर लाल खारव्याचं कापड चिकटवून मला तयार केलं. खळ जरा पातळ झाली होती, म्हणून माझी पाठ पहिल्यापासून थोडी वाकडी. मग बैलगाडीतून पेठच्या पलीकडच्या डोंगरातल्या मोहधोंड नावाच्या गावी माझी रवानगी झाली. तिथे पोलीस पाटलांच्या घरी, रुमालात बांधून, एका खुंटीला मला टांगून ठेवत.

माझ्यात लिहायचे पाटील. पण खरं काम सावळा कोतवालाचं. मोहधोंडचे अकरा पाडे डोंगरभर विखुरलेले. सावळा ते सगळे पायी फिरायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो कमरेच्या पिशवीत खडे ठेवायचा. जन्म झाला की पांढरा, कुणी गेलं की काळा. आठवड्याच्या शेवटी तो पाटलांच्या ओट्यावर खडे ओतायचा आणि एकेक हातात घेऊन त्या घराचं नाव, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, सगळं सांगायचा. वर्षानुवर्षं त्याचा एकही खडा चुकला नाही. पाटील आधी कागदावर आडवी रेघ ओढायचे आणि मग तिच्याखाली मोडी अक्षरं सोडायचे. अक्षर इतकं लपेटीचं की कधी कधी त्यांचं त्यांनाच लागत नसे.

मी फार काटेकोर होते, मित्रांनो. सावळ्याने सांगितलं, पाटलांनी लिहिलं आणि मी ते धरून ठेवलं. माझ्यात जे आहे ते खरंच आहे, याचा मला अभिमान होता. थोडी घमेंडच म्हणा ना.

मग दुष्काळ आला. एका वर्षी पावसाने दगा दिला आणि पाठोपाठ पटकीची साथ आली. सावळ्याच्या पिशवीत पांढरे खडे दिसेनासे झाले. माझी जन्माची पानं कोरी राहू लागली आणि मृत्यूची पानं भराभर उलटू लागली. त्याच पानांवर दत्तू आणि भागीबाई या कोकणा आदिवासी जोडप्याची तीन मुलं दोन वर्षांत लिहिली गेली. एक मुलगी, ताप. एक मुलगा, देवी. एक मुलगी, पटकी. तिन्ही ओळींत बापाचं नाव दत्तू, जात कोकणा, वयसुद्धा बरोबर.

एकोणीसशे साली भागीबाईला चौथं मूल झालं. मुलगा. चौथ्या दिवशी बाळंतीण घराबाहेर पडत नाही. पण ती पोर पदराखाली घेऊन, डोंगर उतरून पाटलांच्या ओट्यापर्यंत आली होती. मागे दत्तू, त्याच्या बाजूला मोहधोंडचाच चिमाजी कुंभार आणि सावळा.

"पाटील, हे पोर माझं नाय," भागीबाई म्हणाली. "चिमाजी कुंभाराचं हाय. तसंच लिवा."

त्या मुलखात एक रीत होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत, त्या घरात मूल जन्मलं की ते केरावर ठेवायचं. शेजारच्या घरच्या बाईने, जिची स्वतःची लेकरं धडधाकट आहेत तिने, ते उचलायचं आणि त्याबदली सूपभर धान्य द्यायचं. म्हणजे मूल विकलं गेलं. पाचव्या दिवशी सटवाई आली की तिला या घरात मूल सापडत नाही. पाच वर्षांनी सूपभर धान्य परत देऊन आईबापांनी मूल घरी आणायचं. गावात कुणालाही ते खोटं वाटत नसे. आपलं म्हणून जगत नाही, तर दुसऱ्याचं म्हणून तरी जगू दे, एवढंच त्यात होतं.

पाटलांनी बोरू खाली ठेवला. "भागे, घरी काय रीत करायची ती करा. ही सरकारची वही हाय. हिच्यात खोटं लिवलं तर मला जाब द्यावा लागंल."

"तीन डाव खरं लिवलं ना तुमी?" भागीबाई म्हणाली. "काय झालं त्याचं?"

मग चिमाजी पुढे झाला. "माझ्या रंगूनं केरातून उचललंय त्याला. सूपभर नागली दिलीया. यव्हार झालाय, पाटील. आता पोर माझंच."

"लिवा," सावळा म्हणाला. "पाच वर्सांनी पोर घरला यील, तवा मी सोता यीन आन् सांगीन. मंग नीट लिवू."

पाटलांनी रेघ ओढली आणि लिहिलं : केरू. बाप चिमाजी. जात कुंभार. भागीबाईने वाकून माझ्या पानाला कपाळ टेकवलं. तिचं अंग तापाने कढत होतं, ते मला अजून आठवतं. जन्मात पहिल्यांदा मी खोटं बोलले होते; पण खरं सांगते, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट मी रोज वाट पाहायचे, सावळ्याच्या पिशवीतून त्या घराचा काळा खडा निघू नये म्हणून. तो निघाला नाही. केरू जगला.

दोन वर्षांनी माझी पानं भरली आणि मला तालुक्याच्या कचेरीत पाठवलं. गावात नवी वही आली. त्यानंतर एका साथीत सावळा गेला, असं मी पुढे ऐकलं. केरू पाच वर्षांचा झाला तेव्हा दत्तूने रीतीप्रमाणे नागली परत केली आणि लेकाला वाजतगाजत घरी नेलं म्हणे. पण ती ओळ नीट करायला कुणी आलं नाही. मला वाटतं, सगळे विसरले. आनंदाच्या भरात माणसं कागद विसरतात. दुःखात मात्र बरोबर आठवतात.

पुढची शंभर वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी एका लोखंडी मांडणीवर पडून होते. वर गळकं छप्पर, खाली वाळवी, अंगावर कसर. माझ्या शेजारची एक वही ओलीने एवढी फुगली की ती उघडेचना, आणि एका पावसाळ्यानंतर तिला टाकून दिलं. मला मात्र काही झालं नाही. कुणीतरी पुन्हा रुमालात बांधलं, कुणी कडुनिंबाचा पाला ठेवला. कशासाठी जपलं, देव जाणे.

आणि मग एकाएकी माझी किंमत वाढली. शिक्षणासाठी, नोकरीसाठी लोकांना जातवैधता प्रमाणपत्र लागू लागलं आणि त्यासाठी जुना पुरावा लागू लागला. पन्नास सालाच्या आधीचा कागद, तोही सरकारी. ज्यांचे पणजोबा शाळेत गेले होते त्यांचं काम शाळेच्या रजिस्टरवर भागायचं. ज्यांच्या घरात शेत नव्हतं, शाळा नव्हती, ते माझ्याकडे यायचे. मला हळूच उलटायचे, बोटांनी ओळी चाचपायचे. नाव सापडलं की रडायचे. एका म्हाताऱ्याने तर माझ्यासमोर पेढा ठेवला होता. तो मुंग्यांनी खाल्ला. पण मानाची गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मंगळू आजोबा आणि त्यांची नात पल्लवी आली.

पल्लवीला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. ती इगतपुरीजवळच्या एका पाड्यावर वाढलेली, बारावीला नाशिकच्या वसतिगृहात राहून शिकलेली. जागा आदिवासींसाठी राखीव होती आणि वैधता प्रमाणपत्र द्यायला दोन महिन्यांची मुदत होती. तिच्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर कोकणा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तो दाखला फार अलीकडचा. मंगळू आजोबा शाळेत गेले नव्हते. त्यांचे वडीलही नाहीत. आजोबांचे आजोबा मोहधोंड सोडून इगतपुरीला घाटातल्या रेल्वेलाइनवर खडी फोडायला आले होते आणि तिथेच राहिले. त्या कामाचा कागद कुणी ठेवला नव्हता.

"माझ्या आज्याचं नाव केरू," मंगळू आजोबा कारकुनाला सांगत होते. "बाप दत्तू. गाव मोहधोंड. दुष्काळातला जल्म. लय खटपट नाय साहेब, येवढं येक नाव बघा."

मी ऐकलं आणि माझी पानं गार पडली.

मोडी वाचायला नाशिकच्या गंगापूर रोडवरून सुवर्णाताई यायच्या. निवृत्त शिक्षिका. चष्मा कपाळावर आणि हातात भिंग, तरी चष्मा शोधत बसायच्या. त्यांनी मला उघडलं. पल्लवी त्यांच्या शेजारी उभी होती आणि बोट न लावता, श्वास रोखून माझ्याकडे पाहत होती. आधी मृत्यूच्या पानांवर दत्तू सापडला. एकदा, दोनदा, तीनदा. मोहधोंड, कोकणा. आजोबा हात जोडून उभे राहिले. "पन ही मेलेली पोरं हायत ना ताई? त्यांचं काय करनार? केरू बघा."

सुवर्णाताईंनी जन्माची पानं काढली. एक पान. दुसरं पान. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बाई, ते पान उलटू नका. ते चिकटलं असतं, फाटलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला वाचा नाही.

"सापडला!" सुवर्णाताई म्हणाल्या. "केरू. मोहधोंड. एकोणीसशे!"

पल्लवीने टाळी वाजवली आणि आजोबांना मिठी मारली. आजोबा हसत होते, डोळे पुसत होते, कारकुनालासुद्धा नमस्कार करत होते. सुवर्णाताई मात्र पुढच्या रकान्यावर थांबल्या होत्या. त्यांनी भिंग पुसून पुन्हा धरलं.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "इथे बाप चिमाजी लिहिलंय. जात कुंभार."

पल्लवीचे हात आजोबांच्या गळ्यातून सुटले. मग सुवर्णाताईंनीच विचारलं, "तुमच्या घरात कुंभाराला काही मान आहे का?"

"हाय ना. लगीन निघालं की पयलं सूपभर नागली कुंभाराघरी. मंग देवाला." आजोबा गोंधळून म्हणाले. "का, ते ठावं नाय. आजा म्हनायचा, कुंभाराच्या सुपावर आपन जगलो. आमी पोरं हसायचो."

सुवर्णाताईंनी त्यांना ती रीत समजावून सांगितली. अशा नोंदी त्यांनी आधीही वाचल्या होत्या. मग त्या सरळच म्हणाल्या, "ही नोंद तुमच्या विरुद्ध जाईल. दुसरं काही सापडतं का पाहू. ही आत्ता देऊ नका."

"लपवायचं व्हय?" आजोबा म्हणाले. "आमी काय चोरी केलीया का? खरं हाय ते सांगू. मानसंच बसल्यात ना तिथं? समजून घेतील."

त्यांनी सगळं सांगितलं, मित्रांनो. प्रतिज्ञापत्र केलं. एसटीने मोहधोंडला जाऊन चिमाजीच्या पणतूला शोधून काढलं. तो बिचारा कामाचा दिवस बुडवून आला आणि त्यानेही सही केली, की आमच्या घरात एक केरू पाच वर्षं वाढला असं मीही ऐकलंय. पण ऐकलेल्या गोष्टीला कागद लागतो. आणि कागद एकच होता, मी. माझ्यात स्वच्छ लिहिलं होतं, कुंभार. तपासणाऱ्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं. त्यांना मी कसा दोष देऊ? खोटं मी बोलले होते.

मुदत टळली. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

दसऱ्यानंतर दोघं पुन्हा आली. कुणी सुचवलं होतं की अपील करा, त्यासाठी माझ्या पानांची नक्कल हवी होती. पल्लवी वाळली होती. ती कारकुनाशी बोलत असताना आजोबा टेबलापाशी आले. त्यांना मोडीच काय, साधं मराठीही वाचता येत नव्हतं. पण कुठली ओळ कुठे आहे, ते त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. त्यांनी मृत्यूच्या पानावर बोट ठेवलं, एक, दोन, तीन. मग जन्माच्या पानावर.

"जी मेली ती तिघं दत्तूची म्हनून लिवलीत," ते म्हणाले. "जगला त्यो तेवढा परक्याचा. पल्लवी, त्यो बी मेला असता तर बरोबर लिवला गेला असता बघ."

"असं नका बोलू आजोबा," पल्लवी म्हणाली. तिने त्यांचा हात माझ्यावरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. "तो मेला असता तर तुम्ही नसता. मी नसते."

"तू हायेस," आजोबा म्हणाले, "पन तुला काय देता आलं मला?"

मी एवढी मरणं अंगावर वागवली आहेत. ताप, देवी, पटकी, साप, बाळंतपण. त्यातल्या एकानेही माझं काळीज असं फाटलं नव्हतं. भागीबाईने पोर वाचवण्यासाठी माझ्यावर विश्वास टाकला होता. पोर वाचलं आणि तिच्या खापरपणतूच्या लेकीची वाट मी अडवली. सव्वाशे वर्षांत एकदाही कुणी ती ओळ खोडली नाही, आणि आता खोडता येत नाही. माझ्यात आज काहीही लिहिणं गुन्हा आहे.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायची पद्धत आहे. मला ते सांगवत नाही. मला नीट जपलं म्हणूनच हे झालं. कसरीने त्या एका ओळीवर ताव मारला असता, तर कुणाला काही सापडलं नसतं आणि निदान विरुद्ध पुरावा तरी झाला नसता. मी कागद आहे. मला जे सांगितलं तेवढंच मला माहीत. का सांगितलं, ते माणसांना माहीत असतं आणि ती माणसं निघून जातात. केरू साठ वर्षं जगला. इगतपुरीच्या घाटात खडी फोडून संध्याकाळी घरी येऊन बसायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. तेव्हा कुणी विचारलं असतं आणि एका चिठोऱ्यावर लिहून ठेवलं असतं, तर माझ्या ओळीसमोर धरायला निदान तेवढा तरी कागद असता.

नक्कल तयार व्हायला वेळ होता. पल्लवी आजोबांना घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसली. तिने पिशवीतून कॉलेजसाठी घेतलेली कोरी वही काढली. तिच्यावर नाव घातलेलं होतं, आत काहीच नव्हतं.

"आजोबा, केरूच्या बायकोचं नाव?"

"नवसाबाई."

"माहेर कुठलं तिचं?"

आजोबा आठवू लागले. खिडकीबाहेर पाहत, ओठ हलवत, किती तरी वेळ. पल्लवी पेन धरून थांबली होती.

"ठावं नाय पोरी," ते शेवटी म्हणाले. "ती मला मांडीवर घ्यून बसायची. लय गोष्टी सांगायची. मीच कधी इचारलं नाय."

पल्लवीने ओळ मोकळी सोडली आणि पुढचं नाव विचारलं. तेही त्यांना आठवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस अजून असेल, तर माझं पान मिटा आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा.